‘स्मृतिचित्रे’ आणि श्रद्धेचे घर

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची थोरवी आज कोणास पटवून द्यावी लागत नाही. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ मराठी आत्मचरित्रांच्या पंक्तीत जो अग्रभागी बसला, तो अद्याप तेथून हाललेला नाही. शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईने इतके प्रसन्न, इतके ठसकेबाज मराठी लिहावे याचे कौतुक टीकाकार करीत आले, आणि ते योग्यच आहे. परंतु या कौतुकातून एक चमत्कारिक परिणाम घडला आहे. ग्रंथातील विनोद सर्वांच्या तोंडी झाला. ज्या श्रद्धेच्या कसोटीवर तो विनोद घासून निघाला, ती श्रद्धा मात्र बाजूलाच राहिली. हिंदू वाचक धर्मांतराचे प्रकरण आले की सभ्यपणे पाने उलटतो. उलटपक्षी, काही ख्रिस्ती वाचक तेवढेच प्रकरण उचलून त्याला दाखल्यासारखे मिरवितात. आमच्या मते दोघांचाही या ग्रंथाशी चाललेला व्यवहार अर्धामुर्धाच आहे. ‘स्मृतिचित्रे’ हा मुख्यतः एक घर बांधले जात असल्याचा वृत्तांत आहे. श्रद्धा हा त्या घराचा पाया; भिंती मात्र रोजच्या वागणुकीच्या विटांनी, आणि त्याही फार मोठी किंमत देऊन उभ्या राहिल्या आहेत.

या कथेचा आरंभ आम्हां छत्तीसगडात राहणाऱ्या मराठी माणसांच्या वाटेवरच व्हावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. नागपूर सोडून पूर्वेकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड मागे टाकून राजनांदगावास येते, आणि तेथून रायपूर सत्तर किलोमीटरांच्या आसपास राहते. बदलीचा हुकूम खिशात घालून आमच्यापैकी कितीजण या मार्गाने आले असतील! १८९३ साली याच वाटेवर, राजनांदगावास निघालेल्या नारायण वामन टिळकांना डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. काव्यशास्त्रविनोद झाला, धर्माची गोष्ट निघाली, आणि त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. टिळकांनी तो वाचण्याचे वचन दिले व पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते तेथे खिळून गेले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ज्या प्रवचनाने टिळकांना जिंकले, त्याचा शेवट दोन घरांच्या दृष्टांताने होतो. एक खडकावरचे, एक वाळूवरचे. पाऊस दोहोंवर सारखाच पडतो, वारा दोहोंवर सारखाच सुटतो. ऐकून तसे वागणाऱ्याचे घर टिकते, नुसते ऐकणाऱ्याचे कोसळते. श्रवणाने पाया सापडतो, घर आचरणाने उभे राहते, असा या दृष्टांताचा सरळ अर्थ आहे. टिळकांनी आगगाडीच्या प्रवासाने सुरू झालेल्या त्या वाचनात जे ऐकले, ते प्रत्यक्ष वागून दाखविण्याचा भार मात्र ज्या व्यक्तीवर पडला, ती त्या डब्यात नव्हती.

मराठीत धर्मांतराची आत्मकथा लक्ष्मीबाईंनी प्रथम लिहिली असे नाही. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ त्यांच्या आधीचे. बाबांनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या ग्रंथाचा सारा ओघ त्या क्षणाकडे वाहतो. नावच पाहा : रात्र सरली, सूर्य उगवला, कथा सुफळ झाली. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात पतीचे धर्मांतर ही सकाळ नाही. ती घरावर कोसळलेली वीज आहे. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा, आणि तोही ग्रंथाचा शेवट नव्हे. त्यानंतरही चूल पेटवायची असते, पाहुणे वाढायचे असतात, नवऱ्याशी भांडायचे असते. बाबा पदमनजी आपणांस माणूस ख्रिस्ती कसा होतो ते सांगतात. ख्रिस्ती झालेला माणूस मंगळवारी आणि बुधवारी कसा जगतो, ते लक्ष्मीबाई सांगतात.

पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी एक सोपान सांगितला आहे. श्रद्धेला सद्गुणाची जोड द्यावी, सद्गुणाला ज्ञानाची, मग संयम, धीर, भक्ती, बंधुभाव, आणि सर्वांत वर प्रीती. हा सोपान घेऊन टिळक दांपत्याकडे पाहिले की एक मौज दिसते. टिळकांजवळ पहिली आणि शेवटची पायरी विपुल होती. श्रद्धा ओसंडणारी, प्रीती तर इतकी की घरात पै नसतानाही दारी आलेल्याला परत पाठविणे त्यांना जमत नसे. उणीव होती ती मधल्या पायऱ्यांची. राग अनावर, लहर विलक्षण, उद्याची चिंता शून्य. या मधल्या पायऱ्या, म्हणजे संयम आणि धीर, लक्ष्मीबाईंनी घडविल्या. एका माणसाच्या श्रद्धेला दुसऱ्या माणसाने चारित्र्य पुरविले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल, कारण लक्ष्मीबाईंची श्रद्धा ही उसनी श्रद्धा नव्हती.

ती कोठून आली हे पाहायचे तर ग्रंथाच्या आरंभाकडे गेले पाहिजे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येऊ नये, कोणाचा स्पर्श होऊ नये, असा त्यांचा बाणा. आणि त्यापायी घरच्या माणसांचे हाल. लक्ष्मीबाईंनी हे हसत हसत सांगितले आहे. वाचकही हसतो. परंतु पुढे सारा ग्रंथ वाचून पुन्हा या पानांकडे वळले म्हणजे ध्यानी येते की ग्रंथाचा मूळ प्रश्न येथेच मांडला गेला आहे : माणूस स्वच्छ कशाने होतो? भयाने घातलेले पाणी कितीही घातले तरी आतला डाग जात नाही, हे त्या मुलीने बापाच्या घरीच पाहिले होते. उत्तर मात्र तिला पुढे वीस वर्षांनी सापडले.

ते सापडण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ पाच वर्षे त्या त्यांच्यापासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. पंढरपुरातील ते दिवस, ते दुःख, आणि त्या दुःखातून फुटलेली पहिली कविता, ही सर्व हकीकत ज्याने वाचली त्याला धर्मांतर हा शब्द पुन्हा हलकेपणाने उच्चारता येणार नाही. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण आपला धर्म आणि आपली चूल घेऊन. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन स्वयंपाक नांदू लागले. टिळकांच्या बाजूने सांगायचे तर, त्यांनी पत्नीवर सक्ती केली नाही. रागीट माणसाने या एका बाबतीत राखलेला धीर आम्ही त्यांच्या सर्व कवितांहून मोठा मानतो. लक्ष्मीबाई विचार करीत राहिल्या. हा विचार पोथीचा नव्हता, पाण्याच्या घागरीचा होता. माणसे देवाने केली, मग जाती कोणी केल्या? त्या जर माणसाने केल्या असतील, तर त्या पाळण्यात देवाची सेवा कोणती? उत्तर मिळाले त्याच क्षणी त्यांनी ठरविले की यापुढे कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ. बाप्तिस्मा त्यानंतर आला. आधी वागणूक बदलली, मग नाव बदलले. आमच्या मते हा ग्रंथाचा मध्यबिंदू आहे.

घर उभे राहिल्यावर त्यात कोण राहिले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) त्या बिऱ्हाडात पोरकी मुले वाढली, विद्यार्थी राहिले, बालकवी ठोंबऱ्यांसारखा हळवा कवी काही काळ घरचाच होऊन राहिला. बालकवी हिंदू म्हणून आले आणि हिंदूच राहिले. या घराच्या प्रीतीने त्याचा हिशेब मागितला नाही. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाईंनी मुलांची शुश्रूषा केली. हे सर्व टिळकांच्या औदार्याच्या खात्यावर जमा करण्याची चरित्रकारांची रीत आहे. परंतु औदार्याचा शब्द टिळकांचा असला तरी पीठ लक्ष्मीबाई मळीत. संताच्या घरी संतत्वाचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न मराठी वाङ्मयात याआधी तुकारामाच्या बायकोच्या रूपाने एकदा उभा राहिला होता. तिला आम्ही कजाग ठरवून मोकळे झालो. टिळक तर म्हणत, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. तो पूल ओलांडताना तुकारामाच्या घरची ती बाईही त्यांच्यामागून आली, आणि यावेळी तिने स्वतःच लेखणी हाती घेतली.

आम्ही हे रायपूरच्या पुरानी बस्तीतून लिहीत आहो. महामायेचे देऊळ येथे आहे, आणि जवळच दूधाधारी मठ आहे. केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांवरून त्याला ते नाव पडले. राजनांदगावचे संस्थान तर बैरागी महंतांचेच. याच रायपुरात माधवराव सप्रे राहिले, दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेऊन १९२६ साली येथेच वारले. वैराग्य आणि कर्मयोग यांचा वाद या गल्ल्यांना नवा नाही. म्हणून १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडून संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, ही गोष्ट येथल्या वाचकास परकी वाटू नये. याच प्रदेशात ऑस्कर लोर या मिशनऱ्याने १८६८ साली बिश्रामपूर वसविले होते. तेथे नवख्या ख्रिस्ती माणसासाठी मिशनने गाव उभा केला. टिळकांना मिशनच्या आधारावाचून स्वतःच्या पायांवर उभा राहणारा ख्रिस्ती माणूस हवा होता. दोन्ही मार्गांमागे कळकळ होती. पण बाहेरचा आधार काढून घेतल्यावर काय उरते, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या मार्गानेच मिळू शकते. टिळकांचा संन्यासही मठातला नव्हता. तो बायकामुलांसह घ्यायचा संन्यास होता. अर्थात तोही लक्ष्मीबाईंच्याच संसारात मावला.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, धीर, अतिथ्य, माया हे गुण तर कोणत्याही चांगल्या मराठी गृहिणीत असतात. यात ख्रिस्ती ते काय? आक्षेप वजनदार आहे, आणि गुण कोणत्याही एका धर्माच्या मालकीचे नाहीत हे आम्हांसही मान्य आहे. परंतु परंपरेने सोसणारी गृहिणी बहुधा मुकाट्याने सोसते, आणि कधी कधी त्या सोसण्याचा अभिमान धरते. लक्ष्मीबाई आपल्या चुका, आपले हट्ट, आपली फजिती चारचौघांत उघडी करून सांगतात आणि स्वतःला निर्दोष ठरविण्याचा यत्न करीत नाहीत. त्यांचा विनोद हा एक प्रकारचा पापांगीकार आहे, फक्त त्यात रडगाणे नाही. नवऱ्याचे दोष त्या लपवीत नाहीत आणि त्यांचा हिशेबही ठेवीत नाहीत. क्षमा या गुणाचे इतके सहज, इतके अनाग्रही दर्शन आम्हांस अन्य मराठी आत्मचरित्रात झालेले नाही. त्यांची ख्रिस्ती श्रद्धा प्रवचनात शोधणाऱ्याने म्हणूनच निराश व्हावे. ती त्यांच्या हसण्यात आहे.

ग्रंथाचे दोषही सांगितले पाहिजेत. लक्ष्मीबाई कृती भरभरून सांगतात, पण प्रार्थनेच्या एकांताविषयी फार थोडे बोलतात. त्यामुळे बदल झालेला दिसतो, होताना प्रत्येक वेळी दिसत नाही. टिळकांना त्या फार स्वस्तात सोडतात, असेही काही ठिकाणी वाटते. त्या १९३६ साली वारल्या. चौथा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला, आणि तेथे आईच्या आवाजातील ठसका उरत नाही. तरीही शांता गोखले यांच्या २०१७ सालच्या संपूर्ण इंग्रजी अनुवादाने हा ग्रंथ नव्या वाचकांपर्यंत गेला, यावरून त्याचे बळ एका पिढीच्या कौतुकापुरते नव्हते हे सिद्ध होते.

परमुलखी नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस हा ग्रंथ पुन्हा वाचण्याची विनंती करण्यास आणखी एक कारण आहे. गावी असताना माणसाला आळी सांभाळते, नातलग सांभाळतात, लोक काय म्हणतील ही धास्ती सांभाळते. बदलीच्या गावी यातले कोणी नसते. तेथे कागदावरची सही, हाताखालच्या माणसाशी केलेले बोलणे, शिपायाच्या घरचे पाणी पिताना न केलेली खळखळ, यांतून माणूस खरोखर कोण आहे ते बाहेर पडते. लक्ष्मीबाईंचीही आळी एका दिवसात सुटली होती. नंतर त्यांनी जे बांधले ते कोणाच्या धाकाने बांधले नाही.

टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ थोडक्या अध्यायांवर थांबले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय, एके काळी जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि १९३८ साली ते महाकाव्य प्रसिद्ध झाले. पाया एकाने घातला आणि छप्पर दुसऱ्याने चढविले, हे त्या काव्याविषयी जितके खरे, तितकेच त्या संसाराविषयीही. फरक एवढाच, की काव्याच्या मुखपृष्ठावर दोघांची नावे देता येतात.

— पुरानी बस्ती, रायपूर