‘मैदान’, दहा गोल आणि कोरा रकाना

दिवाळीला घरी गेले होते तेव्हा दादाच्या मुलीसोबत ‘मैदान’ पुन्हा पाहिला. घर देवगाव फाट्याला. फाट्यावर थिएटर कुठलं? एसटीचा थांबा, चहाची हॉटेलं, पंक्चरची दुकानं, एवढाच पसारा. मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवला आणि तीन तास बसलो. शेवटी जकार्तात भारत जिंकला, पोरीनं टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, “आत्या, पोरींच्या टीमनं किती गोल्ड जिंकले?”

“एकपण नाही,” मी म्हणाले.

उत्तर बरोबरच होतं. पण ते मला खटकत राहिलं, कारण अशाच बरोबर दिसणाऱ्या एका चुकीवरून पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी चांगलीच बोलणी खाल्ली होती. ती चूक आधी सांगते, सिनेमाकडे मग येऊ.

माझं काम भूजलाचं. निरीक्षण विहिरी ठरलेल्या असतात, वर्षातून काही ठरावीक वेळी त्यांत जमिनीपासून किती मीटर खाली पाणी लागतं ते मोजतात. जुन्या नोंदींत बरेच रकाने कोरे होते. प्रोग्रॅमला कोरा रकाना चालेना, म्हणून मी सगळीकडे ० भरलं आणि आलेख काढला. गाइडनी तो पाहिला आणि शांतपणे विचारलं, “मे महिन्यात सेलू तालुक्यात विहिरी काठोकाठ भरतात का हो?” पाणी ० मीटर खोल म्हणजे ते जमिनीच्या पातळीला आलेलं! मी जिथं “काहीच नाही” म्हणून शून्य लिहिलं होतं, तिथं त्याचा अर्थ भलताच होत होता. खरं म्हणजे त्या महिन्यात त्या विहिरीवर कुणी गेलंच नव्हतं. विहीर कोरडी असणं ही नोंद आहे. विहीर न मोजणं ही नोंद नाही, ती मोजणाऱ्याची गैरहजेरी आहे.

आता ‘मैदान’. अमित शर्मांचा हा २०२४ चा चित्रपट वाईट नाही, हे आधी सांगून टाकते. सामने छान टिपलेत. अजय देवगणचा सय्यद अब्दुल रहीम कमी बोलतो आणि ते त्याला शोभतं. गजराज रावचा पत्रकार मात्र फारच सोयीचा खलनायक झालाय. संघटनेतलं सगळं राजकारण एका माणसाच्या कुजकेपणावर ढकललं की प्रेक्षकाचं काम सोपं होतं. आम्हा परभणीकरांना रहीमसाहेबांबद्दल थोडा जास्तच जिव्हाळा वाटायला हरकत नाही. ते हैदराबादचे, आणि १९५६ पर्यंत आमचा जिल्हाही हैदराबाद राज्यातच होता. सेलूचं स्टेशन आजही त्याच मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहे. संघात गोव्यातल्या कोलवाळचे फॉर्च्युनाटो फ्रँको होते. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये आणि सप्टेंबर १९६२ मध्ये हा गोव्याचा माणूस भारताच्या सुवर्णविजेत्या संघात! यावर वेगळा सिनेमा होईल. इथं ते बऱ्याच चेहऱ्यांमधला एक चेहरा होऊन राहतात.

माझी तक्रार वेगळी आहे. पडद्यावरची गोष्ट सुरू होते १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून. भारताचे बरेचसे खेळाडू अनवाणी, समोर युगोस्लाव्हिया, निकाल १-१०. दहा वर्षांनी जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण. पी. के. बॅनर्जींचा एक गोल, जर्नैलसिंगचा एक. जर्नैलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले, बचावफळीतला हा माणूस त्या अवस्थेत पुढच्या फळीत खेळला. प्रेक्षक विरोधात होते, कारण इस्राएल आणि तैवानला यजमानांनी बाहेर ठेवलं त्यावर भारताच्या सोंधींनी जाहीर आक्षेप घेतला होता. हे सगळं खरं आहे, आणि थरारकही. पण चित्रपट त्याचं श्रेय देतो ते जिद्दीला. १-१० आणि सुवर्ण यांच्या मधली वर्षं तो जिद्दीनं भरून काढतो.

त्या मधल्या वर्षांची यादी मी कागदावर काढली. १९५४ मनिला, १९५६ मेलबर्न, १९५८ टोकियो, १९६० रोम. दर दोन वर्षांनी संघ गेलाच. मेलबर्नला नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, भारत चौथा आला. टोकियोतही चौथा. रोमला फ्रान्सशी १-१ बरोबरी झाली, पण गटातूनच परत. हेलसिंकीनंतर “यांना कशाला पाठवायचं?” म्हणून रकाना कोरा राहिला नाही. जिद्द होती हे मान्यच आहे, पण ती दाखवायला चार वेळा मैदान मिळालं. सिनेमाच्या नावातच मैदान आहे आणि नेमकी तीच गोष्ट त्यात गृहीत धरलेली आहे.

आता बायकांचा तक्ता. आशियाई खेळांत महिला फुटबॉल आलं ते १९९० ला, बीजिंगमध्ये. तेव्हापासून २०२३ च्या हांगझोऊपर्यंत ९ स्पर्धा झाल्या. भारताच्या मुली खेळल्या ३: १९९८, २०१४ आणि हांगझोऊ. उरलेले सहा रकाने कोरे आहेत. पुतणीला “एकपण नाही” म्हणताना मी त्या सहांत गुपचूप शून्य भरलं होतं.

१९९० च्या आधीचं तर आणखी मजेशीर आहे. १९८० मध्ये कालिकतला झालेल्या आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेत भारत उपविजेता होता, १९८३ ला बँकॉकमध्ये परत उपविजेता. या दोन्हींच्या मधोमध १९८२ चे दिल्ली आशियाई खेळ आले, घरच्या मैदानावर, आणि तिथं महिला फुटबॉल हा प्रकारच नव्हता. म्हणजे पदक नक्की मिळालं असतं असं मी म्हणत नाही. त्या अजिंक्यपद स्पर्धांत आशियातले बरेच तगडे संघ उतरले नव्हते. पण संघ सर्वांत चांगल्या स्थितीत होता तेव्हा मोजायला कुणी आलं नाही, एवढं तर म्हणता येतं.

आणि मोजायला आले तेव्हा? २०१४, इंचॉन. मालदीववर १५-० असा विजय, मग दक्षिण कोरियाकडून ०-१० आणि थायलंडकडूनही ०-१०. हेलसिंकीतला १० हा आकडा तुम्हाला आठवत असेलच. १९५२ च्या दहा गोलांवर तीन तासांचा सिनेमा उभा राहतो. २०१४ च्या दहा गोलांनंतर २०१८ ला संघ गेलाच नाही. (२०१८ ला पुरुषांचाही गेला नव्हता, आणि १९९० व १९९४ चे पुरुषांचे रकानेही कोरेच आहेत. फक्त एका बाजूचे कोरे रकाने दाखवणं ही लबाडी झाली असती.)

२०२३ मध्ये पुन्हा हाच प्रश्न आला. क्रीडा मंत्रालयाचा निकष असा, की सांघिक खेळात आशियातल्या पहिल्या आठांत असाल तरच जा. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर निकषाची मोजपट्टीच चुकली होती. पुरुषांचा आशियातला क्रमांक अठरावा धरला गेला, पण तो वरिष्ठ संघाचा. आशियाई खेळांत २००२ पासून पुरुषांचा २३ वर्षांखालचा संघ खेळतो, वयानं मोठे फक्त तीन चालतात (हांगझोऊची स्पर्धा वर्षभर लांबली म्हणून मर्यादा एका वर्षानं वाढवली होती). म्हणजे क्रमांक एका संघाचा आणि प्रवेश दुसऱ्याच संघाला. गंमत म्हणजे महिलांना वयाची अट नाही. जो संघ क्रमवारीत असतो तोच मैदानात उतरतो. त्यांच्या बाबतीत निदान मोजपट्टी आणि वस्तू एकच होती, पण तिथं दुसरा घोळ आहे. क्रमांक सामने खेळूनच मिळतो. २००९ मध्ये भारताच्या महिला संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतून गळलं, कारण १८ महिन्यांहून जास्त काळ संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. क्रमांक नाही म्हणून पाठवत नाही, आणि पाठवत नाही म्हणून क्रमांक नाही. असा डेटा मी माझ्या प्रबंधात वापरला तर तोंडी परीक्षेत मला बाहेरचा रस्ता दाखवतील.

शेवटी जुलै २०२३ मध्ये निकष शिथिल झाला आणि दोन्ही संघ गेले. पुरुष बाद फेरीत सौदीकडून ०-२ हरले. मुली तैवानकडून १-२ आणि थायलंडकडून ०-१ हरल्या आणि गटातच संपल्या. बातम्यांत दोन ओळी आल्या: दोन सामने, दोन पराभव.

पण थायलंडचं नाव पाहून थांबा. २०१४ ला याच थायलंडकडून ०-१०. २०२३ ला ०-१. आणि जुलै २०२५ मध्ये चिआंग माईत, थायलंडच्याच घरी, भारत २-१ नं जिंकला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या विजयानं पात्रता फेरीतून महिला आशियाई चषकात जाण्याची पहिली संधी मिळाली. तीन सामन्यांवरून कल काढू नये, हे विद्यार्थ्यांना मीच शिकवते. खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलले, थायलंडचा संघही तोच राहिला नाही. तरीही कुणी हे तीन आकडे माझ्यापुढे ठेवून “यांना पाठवून काय उपयोग?” असं विचारलं, तर मी म्हणेन, हा प्रश्न आकड्यांतून आलेला नाही.

महाराष्ट्रातही एक कोरा रकाना आहे. जानेवारी २०२२ मध्ये महिला आशियाई चषक आपल्याकडे, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. इराणशी ०-० झालं आणि तैवानच्या सामन्याआधी भारताच्या संघात करोना पसरला. सामना झाला नाही, संघ स्पर्धेबाहेर गेला, आणि खेळलेला सामनाही रद्दबातल ठरला. यजमान देश, आणि निकालाच्या तक्त्यात एक बरोबरीसुद्धा नाही.

मी ‘मैदान’मध्ये मुली शोधत नाहीये. १९६२ च्या गोष्टीत त्या घुसवल्या असत्या तर ते खोटंच वाटलं असतं. मला हवी होती ती १९५४ आणि १९५८ ची दोन दृश्यं. हरून परत आलेला संघ, आणि तरीही पुढच्या वेळी जाणाऱ्यांची यादी टाइप करणारा कुणीतरी कारकून. तो कारकून या गोष्टीतला महत्त्वाचा माणूस आहे आणि तो पडद्यावर येत नाही.

परवा पुतणीला फोनवर थायलंडचे तिन्ही आकडे सांगितले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मधली मॅच एकाच गोलनं हरलो ना? आणि तैवानवाली?”

म्हटलं, ती पण एकाच गोलनं. त्यात तर पहिला गोल आपलाच होता, अंजू तमांगचा.

“मग ती दाखव ना,” म्हणाली.