तसवीर छापली, नाव राहिले

वृत्तपत्रातल्या छायाचित्राचीही कथा-कवितेसारखी समीक्षा व्हायला हवी, असे आम्हाला वर्गात शिकवताना प्रथम वाटले. आमच्या उर्दू शाळेतील आठवीच्या मुलांना आम्ही घरच्या जुन्या मराठी वर्तमानपत्रांतून छायाचित्रे कापून आणायला सांगितली होती. दोन प्रकार पुन्हा पुन्हा आले. एक ईदचा : टोप्या घातलेली दोन लहान मुले गळाभेट घेताहेत. दुसरा आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा : दाराशी बसलेली शेतकऱ्याची विधवा, हातात नवऱ्याचा हार घातलेला फोटो. एका मुलीने विचारले, चित्र काढणाऱ्याचे नाव खाली आहे, मग ह्या बाईचे का नाही?

प्रश्न जुना आहे. पूर्वी छायाचित्र थेट छापता येत नसे. कारागीर त्यावरून लाकडी ठोकळा कोरीत. हाफटोन पद्धतीने छायाचित्राचे लहानमोठे ठिपके केले आणि ते मजकुराबरोबर छापता येऊ लागले. दैनिकातील अशा सुरुवातीच्या छायाचित्रांत ४ मार्च १८८० च्या न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'मधील चित्र प्रसिद्ध आहे. ते गरिबांच्या झोपड्यांचे होते. चित्र काढणाऱ्यालाही नाव सहज मिळाले नाही. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची सुरुवातीची छायाचित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. पुढे छायाचित्रकाराला नाव मिळाले. चित्रातला गरीब मात्र बहुधा 'एक शेतकरी', 'एक महिला' असाच राहिला.

महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले. ते गावचे सरपंच होते, संगीताचे जाणकार होते. हार घातलेल्या फोटोच्या ठरावीक चौकटीत असा माणूस मावत नाही. तिथे फक्त मरण मावते. ईदच्या चित्रात जसा मुसलमानाचा फक्त सण मावतो, त्याचे रोजचे काम, शाळा, कर्ज मावत नाही, तसेच हे.

मग नाव छापले की झाले का? तेही नाही. २००२ च्या गुजरात दंगलीत हात जोडून याचना करणारे कुतुबुद्दीन अन्सारी यांचे छायाचित्र रॉयटर्सच्या अर्को दत्त यांनी काढले. त्या चित्राने जगाला दंगल दाखवली, हे त्याचे मोल आम्ही नाकारत नाही. पण तोच चेहरा घेऊन अन्सारींना मालेगावला, पुढे कोलकात्याला जावे लागले. आपला फोटो वापरू नका, असे त्यांना लोकांना विनवावे लागले.

म्हणून आमची कसोटी दुहेरी आहे : चित्रातला माणूस पूर्ण दिसतो का, आणि त्याला विचारले होते का? सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेले काम पाहावे. एका बातमीपुरते ते तिथे गेले नाहीत. वर्षानुवर्षे त्या माणसांकडे जात राहिले. म्हणूनच त्या चित्रांत दयेपेक्षा ओळख अधिक आहे.

आता आम्ही मुलांना कात्रणाखाली तीन गोष्टी लिहायला सांगतो : माणसाचे नाव, त्याचे काम, आणि त्याला विचारले होते का. पहिल्या दोन जागा कधीकधी भरतात. तिसरी अजून एकाही वहीत भरलेली नाही.