चेपणाऱ्या हाताचे नाव

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते तेव्हा बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजीकडे परतणाऱ्या कितीतरी कामगारांचा एक हात मानेवर असतो. तासन् तास उचललेले खांदे भरून येतात, मान धरते. ती मोकळी करायला मराठीत क्रियापदांची वाण नाही: चेपणे, चोळणे, रगडणे, मळणे, दाबणे, थोपटणे. प्रत्येकाचा जोर वेगळा, तळहाताची ठेवण वेगळी. तरीही ‘पाय चेपणे’ म्हटले की डोळ्यांपुढे सासू-सून, गुरु-शिष्य, मालक-गडी येतात; स्नायू येत नाही. आपल्या भाषेने या स्पर्शाला सेवा मानले, विद्या मानले नाही, असे माझे म्हणणे आहे.

चिनी उदाहरणाशी ताडून पाहावे. ‘तुइ’ म्हणजे ढकलणे, ‘ना’ म्हणजे पकडून उचलणे. या दोन घरगुती क्रियापदांतून ‘तुइना’ हे उपचारपद्धतीचे नाव झाले. तांग काळात (६१८ ते ९०७) राजवैद्यकाच्या व्यवस्थेत मर्दनाचा स्वतंत्र विभाग होता. सोळाव्या शतकात मिंग दरबाराने तो बंद केला. विद्या टिकली ती लहान मुलांच्या उपचारांत, आणि ‘तुइना’ हा शब्दही त्याच काळातल्या बालमर्दनाच्या ग्रंथांतून रूढ झाला. १९५६ मध्ये शांघायला तिचे रीतसर वर्ग निघाले. मान-खांद्यावर हाताची मागची बाजू लोळवण्याची क्रिया विद्यार्थी आधी तांदळाच्या पिशवीवर घोटतात.

आपल्याकडे शास्त्र नव्हते असे नाही. वाग्भट रोजचा अभ्यंग सांगतो, त्यातही डोके, कान आणि पायांवर भर देतो. सुश्रुतसंहितेत उद्वर्तन, संवाहन यांचे गुण नोंदलेले आहेत. परंतु या वर्णनांचा भर तेल, काळ, प्रकृती आणि फळ यांवर आहे. मनगट कसे वळवावे यावर नाही. ते ज्यांना ठाऊक होते ते वस्ताद, नाभिक आणि बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बायका ग्रंथाबाहेर राहिले. ‘प्यासा’मध्ये (१९५७) जॉनी वॉकरचा मालिशवाला आला तोही विनोदाची जागा भरायला.

यावर आक्षेप घेता येईल की, चिनी पद्धतीची प्राणवाहिन्यांची उपपत्ती आधुनिक शरीरशास्त्राला मान्य नाही, आणि मर्दनाचा आराम बहुधा तात्पुरताच ठरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हाताला मुंग्या येत असतील तर डॉक्टरच गाठावा. पण कौशल्याला नाव मिळाले म्हणजे ते शिकवता येते, तपासता येते, चुकले तर चूक दाखवता येते. अनामिक हाताला यातले काहीच मिळत नाही. बिदागीसुद्धा देणाऱ्याच्या मर्जीवर.

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर खांद्यांना तेल लागते. उटण्याच्या वासाचे वर्णन आपल्या ललित लेखनात दर दिवाळीला येते. लावणाऱ्या हाताने अंगठा कुठे रोवला, कुठे सैल सोडला, हे मात्र क्वचितच कोणी लिहिते. मराठी समीक्षेने ही उणीव नोंदवायला हवी, कारण क्रियापदे आपल्याकडे कधीचीच तयार आहेत.