कंसात ठेवलेले बीजाणू

लाकडावर वाढणाऱ्या कवकाची नवी जाती जाहीर करताना तिचं जे वर्णन लिहितात, ते जेमतेम दीड-दोन पानांचं असतं आणि कवकशास्त्राबाहेर सहसा कुणी ते उघडत नाही. मला मात्र ते गद्य म्हणून वाचायला फार आवडतं. भंडारा जिल्ह्यातल्या कोका अभयारण्यात पावसाळ्यात एखाद्या पडलेल्या खोडावर तपकिरी कडांच्या थरावर थर चढलेले दिसतात. सात्या असत्या तर आपण वाकून वेचल्या असत्या. ही बुरशी ताटातली नाही, म्हणून आपण पुढे निघतो. वर्णन लिहिणारा मात्र तिथेच बसकण मारतो.

सुरुवात डोळ्यांना दिसतं त्यापासून होते. देठ आहे की नाही, ओलं असताना मऊ की चामड्यासारखं चिवट, खालची छिद्रं गोल की कोनदार आणि एका मिलिमीटरमध्ये ती किती. रंग दोनदा सांगायचा, ताजेपणीचा आणि वाळल्यानंतरचा. ‘सुंदर’, ‘नाजूक’ अशा शब्दांना इथे थारा नाही, आणि तरीही वाचताना ती वस्तू तळहातावर ठेवल्यासारखी वाटते.

मग सूक्ष्मदर्शक. बीजाणूंची मापं साधारण अशी लिहितात: (४.८–)५–६.२(–६.५) × ३–३.६ मायक्रोमीटर. हे आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत. बघायचे ते कंस. बहुतेक बीजाणू मधल्या मापात बसतात. दोन्ही टोकांचे थोडके, बहुधा पाच-पाच टक्के, कंसात जातात. सरासरी काढून त्यांना पुसून टाकलेलं नसतं, की त्यांच्यामुळे मधलं मापही ताणलेलं नसतं. अपवादाला त्याची नेमकी जागा देणारं इतकं आटोपशीर वाक्य मला ललित गद्यातही क्वचितच भेटलं आहे.

त्याहून मला भिडतात ती नकाराची वाक्यं. सिस्टिडिया, म्हणजे बीजाणूंच्या थरातल्या वेगळ्या वांझ पेशी, नाहीत. मेल्झरच्या आयोडीनयुक्त द्रावणात बीजाणूंचा रंग बदलत नाही. नसलेली गोष्ट लिहायची, कारण ती शोधली होती हे पुढच्या वाचकाला कळायला हवं. पुढे जवळच्या जातींशी तुलना येते आणि शांत वर्णनाचा एकदम वाद होतो: हिच्यासारखी दिसते, पण छिद्रं लहान, तिच्या जवळची, पण बीजाणू रुंद. डीएनएचा पुरावा आता बहुतेक वेळा सोबत असतो, तरी हा वाद सुटत नाही आणि सुटूही नये.

१९३५ ते २०११ या काळात हे वर्णन, किंवा निदान त्याचा गाभा, लॅटिनमध्येच लिहावा लागे. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालते. २०१३ पासून कवकाच्या नव्या नावाला नोंदणी क्रमांकही लागतो. मराठीतलं वर्णन नियमात बसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मूळ नमुना मात्र इथेच राहू शकतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला कवकसंग्रह कवकशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाचा आहे. तिथल्या पाकिटावर जिल्ह्याचं नाव लिहिलं गेलं, की ती जाती आणि ती जागा कायमची जोडली जातात.

माझी तक्रार आहे ती अधिवासाच्या ओळीबद्दल. बीजाणू मायक्रोमीटरच्या दशांशात मोजणारा लेखक इथे अनेकदा ‘सपुष्प वृक्षाच्या मृत लाकडावर’ एवढ्यावर थांबतो. वृक्ष कोणता? काही कवकं ठरावीक झाडांवरच येतात. लाकूड कुजवण्याच्या रीतीही वेगळ्या: त्याला कडकपणा देणारं लिग्निन फोडून ते पांढुरकं, तंतुमय करणारी कवकं वेगळी, आणि लिग्निन बव्हंशी तसंच ठेवून लाकडाचे तपकिरी ठोकळे पाडणारी वेगळी. म्हणजे यजमान झाड हा वर्णनातला फालतू तपशील नव्हे. आणि झाड सालीवरून ओळखता येतं. ऐनाची साल खोल भेगांची, सुसरीच्या पाठीसारखी. धावड्याची गुळगुळीत, फिकट राखाडी. साल शिल्लक असेल तर पडलेलं खोडही कोक्याच्या आसपासचा जंगलात वावरणारा माणूस ओळखून सांगेल. नमुना पाकिटात घालण्याआधी त्याला विचारावं, आणि त्यानं सांगितलेलं झाड त्या ओळीत लिहावं.