गंगाधरपंतांची रिकामी खुर्ची : नारळीकरांच्या विनोदाबद्दल

मंडळी, आजच्या विषयाचं नाव 'विनोदी विज्ञानकथाकार जयंत नारळीकर' असं आहे. शास्त्रज्ञ म्हणून नारळीकर सगळ्यांना ठाऊक आहेत, विज्ञानकथाकार म्हणूनही आहेत. पण 'विनोदी' हे विशेषण त्यांना सहसा कुणी लावत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की ते लावल्याशिवाय त्यांच्या उत्तम कथा नीट वाचताच येत नाहीत.

सुरुवातीपासूनच बघा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण? जयंत विष्णू नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी वाचा : ना. वि. ज. हस्ताक्षर ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली होती. १९६५ सालीच, म्हणजे ऐन सव्विशीत पद्मभूषण मिळालेला, केंब्रिजला फ्रेड हॉयलबरोबर काम केलेला हा माणूस. नाव लावलं असतं तर परीक्षक दबले असते. नाव काढून टाकल्यावर कथेचं काय होतं, हे त्यांना बघायचं होतं. हा प्रयोगही आहे आणि थट्टाही. नारळीकरांच्या बाबतीत या दोन गोष्टी पुष्कळदा एकच असतात.

आरशात उलटं होण्याची ही गंमत पुढे 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये आली. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं-ओवळं फार, हे आपल्याकडे घरोघरी ऐकतो. नारळीकर त्या मूर्तीशेजारी एक क्रिकेटपटू उभा करतात. उजव्या हाताने टाकणारा गोलंदाज एकाएकी डाव्या हाताने टाकू लागतो. उलगडा होतो तो मोबियसच्या पट्टीने. देवाची सोंड आणि गोलंदाजाचा हात एकाच भूमितीत बसवणं, हे विनोदी बुद्धीचंच काम आहे. आणि त्यात श्रद्धेची कुचेष्टा कुठेही नाही.

पण आमच्या मते त्यांची सर्वांत चांगली कथा म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इंग्रजीत ती 'द अ‍ॅडव्हेंचर' झाली, अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातही गेली, आणि शीर्षकातला विनोद वाटेतच सांडला. 'पानिपत होणे' म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. इथे पानिपतावर मराठे जिंकतात, आणि पानिपत होतं ते गंगाधरपंतांचं!

गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. नऊशे नव्व्याण्णव सभांचं अध्यक्षपद भूषवलेले. ते एका दुसऱ्याच इतिहासात जाऊन पडतात. तिथे १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागलेली नाही, ती तिळभर अंतरावरून निघून गेली आहे. मराठे जिंकले, कंपनी सरकार मुंबईपुरतं उरलं. आपण सोलापूरकर जरा विचार करू. आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीला फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले पडले. त्या दुसऱ्या इतिहासात ती लढाई व्हायचं कारणच नव्हतं. मराठी वाचकाच्या काळजाला हात घालणारी कल्पना आहे ही. दुसरा एखादा लेखक असता तर त्याने इथे तुताऱ्या वाजवल्या असत्या, अटकेपार झेंडे लावले असते.

नारळीकर काय करतात? ते गंगाधरपंतांना आझाद मैदानावर नेतात. तिथे सभा चालू आहे आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे. पंतांना राहवत नाही. ते जाऊन बसतात आणि बोलू लागतात. पण त्या देशातले लोक अध्यक्षीय भाषणांना इतके कंटाळलेले, की त्यांनी ती प्रथाच मोडून टाकली आहे. मग काय, टोमॅटो आणि अंडी!

मंडळी, पराभवाचं दुःख गोड करून घेणारं स्वप्न लेखक आपल्याला दाखवतो, आणि आपण त्यात रमायच्या आत आपल्यालाच टोमॅटो मारतो. इतिहास बदलला तरी आपली खोड बदलेल का, असा तो प्रश्न आहे. आज इतिहासावरून आपण किती पटकन तापतो, हे पाहिलं तर या विनोदाची किंमत कळते.

आता उणी बाजू. याच कथेत राजेंद्र देशपांडे येतात, उत्पात सिद्धांत आणि पुंजवाद समजावून सांगतात, आणि कथेचा वर्ग होतो. शास्त्र खरं असतं, पण हसू थांबतं. नारळीकरांची पुष्कळ पात्रं ही अशी खडू हातात घेतलेली आहेत. 'धूमकेतू'त वेगळी अडचण आहे. पृथ्वीवर येणारा धूमकेतू शास्त्रज्ञ अणुस्फोटाने वळवतात, आणि इकडे घरी श्रेय जातं यज्ञाला. चिमटा नेमका आहे. पण नवरा दुर्बिणीपाशी आणि बायको होमापाशी, ही वाटणी फार सोपी झाली. तिथे विनोद आपल्यावर न येता तिच्यावर जातो, म्हणून तो कमी पडतो.

इंग्रजीतला या जातीचा मोठा लेखक डग्लस अ‍ॅडम्स. १९७८ साली बीबीसी रेडिओवर त्याने अंतराळातल्या बायपाससाठी अख्खी पृथ्वीच पाडली. अ‍ॅडम्स विश्वाच्या निरर्थकतेला हसतो. नारळीकरांना विश्व निरर्थक वाटतच नाही. त्यांच्या लेखी विश्व नियमाने चालतं, हास्यास्पद आहोत ते आपण.

म्हणूनच त्यांचं हसू पुस्तकाबाहेरही चाललं. २००८ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ज्योतिषाची चाचणी घेतली. निम्म्या कुंडल्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. कोणती कुणाची ते ओळखायचं. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरं आली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती! यात शिवीगाळ नाही, आवाज चढवणं नाही. आकडा ठेवला आणि बाजूला झाले.

२०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे जाऊ शकले नाहीत. खुर्ची रिकामी राहिली म्हणून नाराजीही झाली. ज्यांना गंगाधरपंत आठवले, ते त्या नाराजीतही थोडं हसले असतील. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यानंतर त्यांच्या फोटोला हार पुष्कळ पडले, आणि ते योग्यच होतं. पण हार घातलेल्या माणसाला आपण वाचत नाही, नमस्कार करून पुढे जातो. नारळीकरांना तसं करू नका. घरी जाऊन 'गंगाधरपंतांचे पानिपत' काढा आणि मुलांना मोठ्यांदा वाचून दाखवा. टोमॅटोच्या जागी मुलं हसली, तर पुढचं विज्ञान ती स्वतःहून विचारतील.