निर्जीवांचा विनोद

पडद्यावर निर्जीव वस्तूंस नाचविण्याचा खटाटोप महाराष्ट्रास नवा नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ काढून काड्यांस चालावयास लावलें. अँड्र्यू स्टँटन यांचा ‘वॉल-ई’ (२००८) हा अमेरिकन चित्रपट त्याच कुळींतला. ओसाड पृथ्वीवर केर दाबून त्याचे ठोकळे रचीत बसलेला एक गंजका यंत्रमानव हा त्याचा नायक. आरंभीं बराच वेळ येथें संवाद जवळजवळ नाहींत. तरीहि प्रेक्षक हंसतो, हळहळतो. हें साधलें कसें?

प्रथम डोळे. बेसबॉलच्या सामन्यांत स्टँटन यांच्या हातीं दुर्बीण आली. ती उलटी धरून बिजागरीशीं वांकविली, तों तिच्यांत त्यांना आनंद दिसला, दुःखहि दिसलें. नाक नाहीं, तोंड नाहीं. दोन नळ्यांवर सारा अभिनय! ईव्ह ही नायिका मात्र पांढरी, गुळगुळीत, अंड्यासारखी. तिच्या घडणीविषयीं ॲपलचे रचनाकार जोनाथन आइव्ह यांचा सल्ला घेतला होता. एकाचा गंज व दुसरीची झिलई यांतूनच निम्मा विनोद जन्मतो.

ध्वनीची बाजू बेन बर्ट यांची. नायकाच्या चालीसाठीं त्यांनीं हातानें फिरवावयाच्या जनित्राची घरघर वापरली. गीतांची निवड तर त्याहून मार्मिक. स्टँटन यांच्या मनांत आधीं जुनें फ्रेंच नृत्यसंगीत होतें. परंतु ‘बेलव्हिलचीं तिळीं’ (२००३) या चित्रपटांत तोच बाज येऊन गेल्यानें त्यांनीं तें सोडलें व ‘हॅलो, डॉली!’ या संगीतिकेकडे वळले. शाळकरी वयांत त्यांनीं त्या नाटकांत काम केलें होतें. त्या संगीतिकेच्या १९६९ सालच्या चित्रपटांत प्रेमी हातांत हात घेतात. तें पाहून यंत्राला प्रीतीचा अर्थ कळतो. शोभेसाठीं घातलेलें गाणें येथें कथेचा कणाच होऊन बसलें.

आमच्या जुन्नर तालुक्यांतील वाचकांस हें परकें वाटूं नये. नारायणगांवच्या तमाशांत सोंगाड्यानें तोंड उघडण्यापूर्वींच ढोलकी व हलगी यांची जुगलबंदी प्रेक्षकांस जिंकून घेते. तेथून जवळच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. परिसरांत त्या एकूण ३० आहेत. त्या वळूं लागल्या कीं एखादा अजस्र प्राणी मान फिरवीत असल्याचा भास होतो. या मुलखांतील कोणी तरुण उद्यां यंत्रांचा विनोदी चित्रपट काढील, तर त्यानें परदेशी नाचाची चाल कां उसनी आणावी? स्टँटन यांचें गाणें जमलें तें जुनें म्हणून नव्हे; तें त्यांच्या आठवणींतलें होतें म्हणून.

सर्वच मात्र आम्हांस रुचलें नाहीं. कथा अवकाशयानांत शिरतांच बडबड वाढते, आणि आळसानें फुगलेल्या माणसांची थट्टा स्वस्त वाटते. आग विझविण्याच्या नळकांड्याच्या जोरावर नायक अवकाशांत गिरक्या घेतो, तेवढ्यापुरतें थॉमस न्यूमन यांचें संगीत पुन्हां पहिल्या भागाची उंची गांठतें. शेवटच्या श्रेयनामावलींत गुहाचित्रांपासून व्हॅन गॉगच्या शैलीपर्यंतच्या चित्रांतून माणसानें पृथ्वी पुन्हां वसविल्याची कथा येते; उत्तरार्धांतल्या साऱ्या धांवपळीपेक्षां आम्हांस ती अधिक बोलकी वाटली. ती न पाहतांच बरेच प्रेक्षक उठून जातात.