बातमी पक्की होण्याआधीची दहा मिनिटं

'द न्यूजरूम' ही मालिका संपून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तिच्यावरचे वाद शमलेले नाहीत. जून २०१२ ते डिसेंबर २०१४ या काळात एचबीओवर तीन पर्वांत तिचे २५ भाग झाले. एसीएन नावाची काल्पनिक अमेरिकी वाहिनी, तिच्यावरचं 'न्यूज नाइट' हे रात्रीचं बातमीपत्र आणि कुणालाच न दुखावता लोकप्रिय झालेला, पण एके दिवशी संतापून खरं बोलू लागणारा अँकर विल मॅकअव्हॉय. जेफ डॅनियल्सला या भूमिकेसाठी २०१३ मध्ये एमी मिळालं. पत्रकारितेबद्दल इतक्या पोटतिडकीनं कुणी लिहिलं नव्हतं, असं म्हणणारे प्रेक्षक आहेत. पात्रं बोलत नाहीत, नुसती भाषणं ठोकतात, असं म्हणत दोन-तीन भागांतच मालिका सोडून देणारेही आहेत. व्यवसायातल्या लोकांतही अशीच फूट पडली. सीबीएसचे एकेकाळचे अँकर डॅन रादर यांनी मालिकेचं कौतुक केलं; 'द न्यूयॉर्कर'च्या समीक्षक एमिली नसबॉम यांनी पहिल्याच पर्वावर कोरडे ओढले.

मला या भांडणात एका बाजूला उभं राहवत नाही, कारण लेखक ॲरन सॉर्किन यांनी एका नावाखाली दोन मालिका लिहिल्या आहेत. एकीत सगळं आधीच ठाऊक असलेली माणसं जगाला शहाणपण सांगतात. दुसरीत काहीच नक्की ठाऊक नसलेली माणसं, घड्याळ डोक्यावर असताना, काय सांगायचं आणि काय रोखायचं ते ठरवतात. पहिलीवर लोक रागावले ते योग्यच झालं. दुसरी मात्र या नाट्यप्रकारातली दुर्मीळ चीज आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं गेलं.

मालिका ओळखली जाते ती पहिल्या भागातल्या भाषणामुळे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या चर्चेत एक विद्यार्थिनी विचारते, अमेरिका जगातला सर्वश्रेष्ठ देश कशामुळे? विल आधी टोलवाटोलवी करतो आणि मग तो सर्वश्रेष्ठ नाहीच, हे आकड्यांची सरबत्ती करत सांगतो. हा तुकडा आजही मोबाइलवरून फिरतो, आपल्याकडेही. नाट्य म्हणून तो जोरकस आहे यात शंका नाही. पण त्यात बातमी कुठे आहे? व्यासपीठावरच्या माणसाला उत्तर तोंडपाठ आहे. ज्या मालिकेचं नावच न्यूजरूम, तिच्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग न्यूजरूमबाहेरचा असावा, याचं मला वाईट वाटतं.

मालिकेतल्या बहुतेक घटना खऱ्या आहेत, पण दोनेक वर्षं जुन्या. पहिल्याच भागात २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट होतो. प्रत्यक्षात या स्फोटात अकरा कामगार गेले, आणि समुद्रतळातून किती तेल वाहतंय हे उमगायला वृत्तसंस्थांना बरेच दिवस लागले. मालिकेत ते त्याच संध्याकाळी कळतं. कसं? तरुण निर्माता जिम हार्पर याचा कॉलेजातला खोलीसोबती बीपीमध्ये आणि बहीण हॅलिबर्टनमध्ये, म्हणजे त्या विहिरीशी संबंधित कंपन्यांमध्येच, नोकरीला असते म्हणून! या योगायोगाची भरपूर थट्टा झाली. मला खटकतं ते योगायोगापेक्षा त्यामुळे हुकलेलं नाट्य. बातमीदाराची खरी परीक्षा ही की पहिल्या संध्याकाळी प्रत्येक घटना सारखीच मोठी किंवा सारखीच किरकोळ दिसते. लेखकाला शेवट माहीत असला की ही परीक्षाच रद्द होते. मग पात्रं हुशार ठरतात ती केवळ लेखक दोन वर्षं पुढे उभा आहे म्हणून.

स्त्री पात्रांबद्दलच्या तक्रारीही तितक्याच खऱ्या. मॅकेन्झी मॅकहेल ही युद्धभूमीवरून वार्तांकन केलेली निर्माती. तिलाच दुसऱ्या भागात खासगी ईमेल चुकून अख्ख्या कार्यालयाला पाठवायला लावायचं, हे लेखनातलं आळशी वळण आहे. अर्थशास्त्राची डॉक्टरेट असलेली स्लोन सॅबिथ त्यातल्या त्यात बरी सुटते. शेवटच्या पर्वात एका विद्यार्थिनीच्या बलात्काराच्या तक्रारीचा प्रसंग आहे. त्यात तिला मुलाखतीपासून परावृत्त करणारा निर्माताच सुज्ञ ठरवला गेला. त्यावर डिसेंबर २०१४ मध्ये उसळलेला संताप मला रास्त वाटतो.

आता ती दुसरी मालिका. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला. एनपीआर या रेडिओ संस्थेनं त्यांच्या मृत्यूची बातमी दिली आणि मोठ्या वाहिन्या पाठोपाठ तेच सांगत सुटल्या. गिफर्ड्स जिवंत होत्या. मालिकेच्या पहिल्या पर्वात हा प्रसंग येतो तेव्हा वाहिनीचा प्रमुख कंट्रोल रूममध्ये घुसतो. बाकी सगळे सांगताहेत, प्रेक्षक क्षणाक्षणाला दुसरीकडे चाललाय, बाई गेल्या म्हणून सांगून टाका, असा त्याचा धोशा. निर्माता डॉन कीफर त्याला सुनावतो, की माणूस मेला हे डॉक्टर ठरवतात, बातम्या नव्हे. विल गप्प राहतो. इथेही इतिहास लेखकाच्या बाजूनेच आहे, हे मान्य. तरी प्रसंग अंगावर येतो, कारण या माणसांकडे दुसरी कुठलीही खास माहिती नाही. पुष्टी नसताना थांबायचं, एवढंच त्यांच्या हातात आहे. वृत्तवाहिनीत रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा; 'कन्फर्म आहे का?' आणि 'सगळ्यांनी चालवलंय' या दोन वाक्यांमधली ओढाताण म्हणजेच हे काम.

दुसऱ्या पर्वात सॉर्किन याहून पुढे गेले आणि त्यांनी आपल्या नायकांना चुकू दिलं. 'जेनोआ' हे कथानक काल्पनिक आहे: एका मोहिमेत अमेरिकी सैन्यानं सरीन वायू वापरला, अशी बातमी एसीएनच्या हाती लागते. त्याची सावली खऱ्या घटनेची आहे. सीएनएननं जून १९९८ मध्ये 'टाइम'सोबत 'ऑपरेशन टेलविंड'ची बातमी दिली, १९७० मध्ये लाओसमध्ये सरीन वापरल्याचा आरोप केला आणि जुलैच्या सुरुवातीला ती मागे घेतली. मालिकेत ही पडझड सावकाश, कित्येक भागांतून घडते. एका साक्षीदाराच्या मेंदूला इजा झालेली आहे आणि साक्षीत विचारलेले प्रश्नच उत्तर सुचवणारे आहेत. दुसऱ्या सूत्राचा वाहिनीच्या वृत्तविभागाच्या प्रमुखावर वैयक्तिक राग आहे. ज्यांना बातमीपासून मुद्दाम दूर ठेवलं त्या सहकाऱ्यांसमोर ती मांडून भोकं शोधायला सांगतात, तरी सगळी सापडत नाहीत. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे, निर्माता जेरी डँटाना एका निवृत्त जनरलच्या मुलाखतीतलं 'जर' कापून टाकतो. शक्यता म्हणून बोललेलं वाक्य कबुली बनतं. मुलाखतीच्या वेळी मागे टीव्हीवर बास्केटबॉलचा सामना चालू होता. त्यातलं उलटं मोजणारं घड्याळ मध्येच उडी मारतं आणि चोरी पकडली जाते.

हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. एडिटिंगच्या टेबलावर बसून बाईट कापणाऱ्याला ठाऊक असतं, की खोटं बोलायला खोटं बोलावंच लागत नाही, कात्री पुरते. त्यात जेरी खलनायक नाही, त्याचा बातमीवर मनापासून विश्वास आहे. न्यूजरूमवरचं इतकं नेमकं नाट्य मी दुसऱ्या मालिकेत पाहिलेलं नाही. तरीही ही मालिका लोकांच्या बोलण्यात उरली ती विद्यापीठातल्या भाषणापुरती.

तिच्या आगेमागे आलेल्या मालिकांकडे पाहिलं की अशा नेमक्या नाट्याची उणीव ठळक होते. बीबीसीच्या 'द अवर'मध्ये (२०११-१२) १९५६ चा सुएझ पेचप्रसंग आहे आणि ब्रिटनमधला चमत्कारिक चौदा दिवसांचा नियमही: पंधरवड्यात संसदेत चर्चेला येणाऱ्या विषयावर प्रसारणात चर्चा करायची नाही. बातमी द्यायलाच बंदी असेल तर काय करायचं, हा प्रश्न मालिकेला सापडला होता. पण ती हेरकथेत रमली आणि दोन पर्वांत बंद पडली. 'द मॉर्निंग शो'नं (२०१९ पासून) लैंगिक छळाच्या आरोपाखाली काढून टाकलेल्या सूत्रसंचालकापासून सुरुवात केली. पहिल्या पर्वात संस्थेचं मौन कसं शिजतं ते तिनं चांगलं दाखवलं. पुढे ती मालकी, करार आणि खुर्च्यांची गोष्ट झाली. जेनिफर ॲनिस्टन आणि रीझ विदरस्पून यांच्यासाठी लोक ती पाहतात आणि आवडीनं पाहतात, पण पहाटेचं बुलेटिन कसं उभं राहतं ते तिच्यात क्वचितच दिसतं.

आपल्याकडच्या 'द ब्रोकन न्यूज'चा (झी५, २०२२ आणि २०२४) आधार बीबीसीची 'प्रेस' ही मालिका. मूळ मालिकेतल्या दोन वृत्तपत्रांच्या जागी इथे दोन वाहिन्या आल्या: 'आवाज भारती' आणि 'जोश २४X७'. हा बदल भारतीय वास्तवाला धरून आहे. जयदीप अहलावतचा आरडाओरडा करणारा दीपंकर सन्याल प्रेक्षक लगेच ओळखतात. श्रिया पिळगावकरची राधा भार्गव तडफदार आहे, सोनाली बेंद्रेची अमीना संयत. पण एक वाहिनी सज्जनांची आणि दुसरी दुर्जनांची अशी वाटणी झाली, की चुकण्याची भीती उरत नाही. सज्जनांची वाहिनी प्रामाणिकपणे चुकीची बातमी देते, तो भाग मला पाहायचा होता.

तो मिळाला एका चित्रपटात. 'सप्टेंबर ५' (२०२४) म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडू ओलीस धरले गेले, तो दिवस एबीसीच्या क्रीडा विभागाच्या कंट्रोल रूममधून. कॅमेरा त्या खोलीतून फारसा बाहेर जातच नाही. छतावर चढणारे पोलीस थेट प्रक्षेपणात दिसताहेत आणि ओलीस ठेवणाऱ्यांच्या खोलीतही टीव्ही आहे, हे ध्यानात येतं तो क्षण थरकाप उडवतो. शेवटी ओलीस सुटल्याची बातमी येते. थांबायचं की सांगायचं? ते सांगतात. प्रत्यक्षात इस्रायली संघातले अकराही जण मारले गेले होते.

मुंबईकराला हे पाहताना २६ नोव्हेंबर २००८ चा दहशतवादी हल्ला आठवल्याशिवाय राहणार नाही. कमांडो कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये हल्लेखोर कसाबच्या निकालपत्रात कठोर ताशेरे ओढले. त्या हल्ल्यावर चित्रपट झाले, मालिका झाल्या. 'मुंबई डायरीज २६/११'मध्ये वाहिनीची बातमीदार आहे, पण गोष्ट रुग्णालयाची आहे. ताज हॉटेलसमोर थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन लागलेल्या, कानात डेस्कचा आवाज, समोर घडतंय ते दाखवलं तर आतला माणूस मरेल की काय हे कुणालाच नक्की ठाऊक नाही, आणि शेजारची वाहिनी दाखवतेच आहे. त्या साठ तासांत कंट्रोल रूममध्ये बसलेल्यांची मालिका अजून कुणी लिहिलेली नाही. ती मराठीत लिहू शकतील अशी माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी ताजसमोरचा तो चौक स्वतः पाहिलाय.